लालबागची पोळी-भाजीवाली पोलंडच्या बॉर्डरवर

एप्रिल २०२२ मध्ये मी युक्रेनमधून पोलंडमध्ये येणाऱ्या युद्धग्रस्तांसाठी स्वयंपाकाला आणि पडेल त्या कामाला हात लावायला गेले होते. आधी खर्चाचं सांगून टाकते, कारण परत आल्यापासून जो भेटतो तो पहिलं तेच विचारतो. मुंबई-दोहा-वॉर्सा जाऊन-येऊन तिकीट साठ हजारांच्या आसपास, खोलीचं भाडं दिवसाला १०० झ्लॉटी म्हणजे तेव्हाचे अठराशे रुपये, वर ट्रेन, इन्शुरन्स आणि तिकडे गेल्यावर घ्यावे लागलेले बूट. सगळं मिळून लाखाच्या वर गेलं. आमच्या ह्यांचं म्हणणं सरळ होतं, की अगं एवढे पैसे नुसते पाठवलेस तरी तू तिकडे जाऊन कांदा चिरण्यापेक्षा जास्त माणसं जेवतील. हिशेबाने ते बरोबरच आहे, मला अजूनही खोडून काढता आलेलं नाही.

तरी गेले. एक तर भाचा. ताईचा मुलगा, कल्याणचा, युक्रेनमध्ये तेर्नोपिलला मेडिकलच्या तिसऱ्या वर्षाला होता. २४ फेब्रुवारी २०२२ ला युद्ध सुरू झालं आणि दोन दिवसांनी ही पोरं बसने निघाली, पुढे ट्रॅफिक इतका तुंबला की शेवटचे तीसेक किलोमीटर चालत शेहिनीला, म्हणजे बॉर्डरच्या युक्रेनकडच्या बाजूला. तिथे रांगेत दोन रात्री, मायनसमध्ये, धक्काबुक्की, बॅगा तिथेच टाकल्या. पलीकडे पोलंडच्या बाजूला मेडिकाला पाय ठेवल्यावर पहिल्या तंबूत कोणीतरी हातात सूपचा कप दिला, तो अजून त्या कपाबद्दलच बोलतो, पुढे आपल्या सरकारच्या ऑपरेशन गंगाच्या विमानाने घरी आला त्याबद्दल एवढं नाही. आणि दुसरं म्हणजे मला हे काम येतं. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये आमच्या परळच्या हॉलमध्ये आम्ही रोज दोन-अडीच हजार पाकिटं बनवायचो, चालत निघालेल्यांसाठी, मग श्रमिक ट्रेन सुरू झाल्यावर कुर्ला टर्मिनसला जाणाऱ्यांसाठी. माणूस रस्त्यावर असताना काय खाऊ शकतो आणि काय नाही हे मला तिथे कळलं. बाकी शेंगेन व्हिसा आधीच्या युरोप टूरचा मल्टिपल एंट्रीवाला पासपोर्टात पडून होता, कोविडमुळे वाया चाललेला. माझं पोळी-भाजी केंद्र जाऊबाईंवर सोपवलं आणि निघाले.

गुरुवार, १४ एप्रिल

आंबेडकर जयंती. दोन वर्षांनी पहिल्यांदा मोकळेपणी साजरी होत होती त्यामुळे दादर नुसतं फुललेलं, टॅक्सीवाला म्हणाला ताई आत्ताच निघा नाहीतर विमान विसरा. विमान रात्री उशिराचं, मी संध्याकाळीच जाऊन बसले.

निघताना बिल्डिंगमधल्या बायका स्वेटर, शाली, मुलांचे जुने कपडे घेऊन हजर, एकीने तर चक्क ब्लँकेट. मी एकही घेतलं नाही. थोडा रुसवा झाला. सासूबाईंचे डिंकाचे लाडू मात्र घेतले, त्यांना नाही म्हणायची माझी टाप नाही.

शुक्रवार, १५ एप्रिल

दोहाच्या टीव्हीवर रशियाची मॉस्क्वा युद्धनौका बुडाल्याची बातमी. शेजारी बसलेला मल्याळी मुलगा, नर्स होता, मला विचारतो आंटी तुम्ही पोलंडला टूरला का. हो म्हटलं, कुठे सांगत बसू.

वॉर्साला दुपारी उतरले. ट्रेनला वेळ होता म्हणून ओखोटा भागातला ‘चांगल्या महाराजांचा चौक’ बघून आले. हे महाराज म्हणजे नवानगरचे जामसाहेब दिग्विजयसिंहजी, दुसऱ्या महायुद्धात पोलंडच्या अनाथ मुलांना त्यांनी गुजरातेत बालाचडीला ठेवून घेतलं होतं. आता मी माहेरची कोल्हापूरची, त्यामुळे मला हे वाचून थोडं चढलंच, कारण आमच्या वळिवड्याला १९४३ ते १९४८ जवळजवळ पाच हजार पोलिश माणसं राहून गेली, बहुतेक बायका-मुलंच, सायबेरियातून इराणमार्गे आलेली. शाळा, चर्च सगळं होतं त्यांचं तिथे. ते गेल्यावर त्याच बराकींमध्ये फाळणीतून आलेले सिंधी राहायला आले आणि तेच आजचं गांधीनगर. लग्नाचा बस्ता बांधायला आख्खं कोल्हापूर तिथे जातं पण आधी तिथे कोण राहत होतं ते निम्म्यांना माहीत नसतं. मला आजी सांगायची की गोऱ्या बायका बाजारात यायच्या आणि मराठीत भाव करायच्या. असो.

पुढे प्शेमिशलची ट्रेन, सहा-सात तास. आमच्या डब्यात युक्रेनी बायका बऱ्याच होत्या, युक्रेनला परत चाललेल्या. हे मला अपेक्षित नव्हतं. युद्ध चालू आहे आणि ही माणसं घरी चाललीत.

शनिवार, १६ एप्रिल

प्शेमिशल म्हणजे साठेक हजार वस्तीचं गाव, सान नदीकाठी, बॉर्डरपासून दहा-पंधरा किलोमीटर. एवढंसं गाव जगाच्या बातम्यांत का आलं त्याचं कारण रुळांत आहे. युक्रेनची ट्रेन १५२० मिलिमीटर रुंद रुळांवर धावते, पोलंडची १४३५ वर (आपली लोकल १६७६ वर, आणि मेट्रो पोलंडएवढ्याच, हे माझ्या रेल्वेत असलेल्या दिरांनी आधीच घोकून घेतलं होतं). रुंद रूळ प्शेमिशल स्टेशनपर्यंत येतात आणि संपतात. म्हणजे कीव असो, ओडेसा असो, गाडी इथे आली की सगळ्यांना उतरावंच लागतं, पासपोर्ट दाखवायचा आणि दुसरी गाडी शोधायची. म्हणून सगळी गर्दी इथे.

सकाळी वर्ल्ड सेंट्रल किचनच्या किचनमध्ये हजर. होसे आंद्रेस या शेफने २०१० च्या हैती भूकंपानंतर काढलेली ही संस्था. शिफ्ट ऑनलाइन बुक करायची, पोचल्यावर सही, हेअरनेट, ग्लोव्हज, एप्रन. मोठं गोदाम, आणि आत तवे असे, की आपल्याकडे महाप्रसादाची कढई बघितलेल्या बाईनेही दोन मिनिटं बघत राहावं. फक्त तळ सपाट. भाज्या वेगळ्या टेबलावर, मांस वेगळ्या टेबलावर, सुऱ्याही वेगळ्या. आपल्या मंडपातल्या आचाऱ्यांना हे एकदा दाखवायला पाहिजे.

मला सँडविचच्या लाइनवर टाकलं. समोरासमोर दोन रांगा, एक ब्रेड मांडतो, एक बटर, एक चीज, एक हॅम, एक बंद करतो, एक कागदात गुंडाळतो. माझ्या डावीकडे टेक्ससचा रिटायर्ड इन्शुरन्सवाला, उजवीकडे स्पेनची कॉलेजकन्या, समोर एक डेन्मार्कचा पाद्री जो चीज इतकं सरळ लावायचा की मला राहवेना, त्याला म्हटलं अहो हे पोटात जाणारे. तो हसला पण स्पीड काही वाढवला नाही.

एक सांगते. इथे येणाऱ्यांत बरेच जण ‘काहीतरी करायचं’ म्हणून येतात आणि तासाभरात त्यांचे चेहरे पडतात. त्यांना बॉर्डरवर जायचं असतं, मुलं उचलून आणायची असतात. इथे आठ तास ब्रेडला बटर लावायचं. दुपारनंतर दोघं-तिघं गायब झाले. राहिले ते कोण, तर शाळेच्या कँटीनमध्ये काम केलेली आयरिश बाई, एक निवृत्त पोस्टमन, ज्यांना रोज तेच काम करायची सवय आहे असे लोक.

संध्याकाळी बातमी आली की खार्किवमध्ये याच संस्थेच्या एका भागीदार किचनवर क्षेपणास्त्र पडलं, चार जण जखमी. गोदामातलं म्युझिक बंद झालं. सुपरवायझर मुलीने दोन वाक्यांत सांगितलं, मग विचारलं की उद्याच्या शिफ्टला कोण कोण आहे. सगळे हात वर. त्या खार्किवच्या लोकांनी वाचलेलं सामान दुसऱ्या जागी हलवून पुन्हा चूल पेटवायचं ठरवलं असं नंतर कळलं.

रविवार १७, सोमवार १८ एप्रिल

इथला ईस्टर. दुकानं ठार बंद. मी जिच्याकडे खोली घेतली होती ती सत्तरीतली रिटायर्ड शिक्षिका, आजीच म्हणते तिला. दुसऱ्या खोलीत तिने खार्किवची एक आई आणि आठ-नऊ वर्षांची मुलगी ठेवून घेतलेली, फुकट. माझ्याकडून भाडं घ्यायची आणि त्यातून त्यांचं भागवायची, हे तिने मला पहिल्याच दिवशी तोंडावर सांगितलं. मला ते फार आवडलं.

नाश्त्याला झुरेक म्हणजे आंबवलेल्या पिठाचं सूप, उकडलेली अंडी, सॉसेज. मी माझे लाडू मांडले. त्या मुलीने डिंक बाजूला काढून ठेवला आणि बाकीचा लाडू खाल्ला.

आजीचे आई-वडील १९४५ मध्ये आता युक्रेनमध्ये असलेल्या ल्विवहून इकडे हाकलले गेले होते, सीमा सरकली तेव्हा. आणि १९४७ मध्ये इथल्या युक्रेनी लोकांना, सुमारे एक लाख चाळीस हजार, पोलंड सरकारने घरांतून उचलून पार पश्चिमेला नेऊन टाकलं. त्याच्या आधी व्होल्हिनियात, म्हणजे आजच्या पश्चिम युक्रेनमध्ये, युक्रेनी बंडखोरांनी पोलिश गावंच्या गावं कापून काढली होती. म्हणजे या दोन लोकांमध्ये आपल्याला वाटतं तसं गोडीगुलाबीचं काही नव्हतं. आजी हे सगळं मोबाइलच्या ट्रान्सलेटरवर बोलून दाखवत होती, शेजारी ती खार्किवची बाई भांडी घासत होती, आणि मी विचारलं की मग तुम्ही यांना घरात कसं घेतलं. आजीने मोबाइल माझ्या हातातून घेतला, काहीतरी बोलली, स्क्रीनवर उमटलं : ‘मुलीला ताप होता.’ बस.

सोमवारी सकाळी किचनला जाताना वळणावर दोन पोरांनी बादलीभर पाणी अंगावर ओतलं. ईस्टरच्या सोमवारी एकमेकांना भिजवायची पद्धत आहे इथे, आपल्या रंगपंचमीसारखी, फक्त तापमान चार डिग्री. बूट भिजले ते भिजलेच. मंगळवारी दुकान उघडल्या उघडल्या नवे घेतले.

मंगळवार, १९ एप्रिल

मेडिका. चालत बॉर्डर ओलांडायची जागा. गेटपासून बसपर्यंत एक फरसबंदी वाट, दोन्ही बाजूंनी तंबू. फुकट सिमकार्डं, औषधं, कुत्र्या-मांजरांसाठी वेगळा तंबू (तिथे गर्दी सगळ्यात जास्त, मांजर जॅकेटच्या आत घालून आलेली माणसं मी मोजायची सोडून दिली), आणि शीख सेवेकऱ्यांचा लंगर. तिथे मसाल्याचा वास आला तशी मी थांबलेच. डाळ-भात मिळाला. सरदारजी लंडनचे, ते मला पंजाबीत विचारतात, मी हिंदीत उत्तर देते, मागे फ्रेंच पोरगं चहा वाटतंय.

इथे माझं काम ट्रॉली ढकलायचं. सुपरमार्केटच्या ट्रॉल्या असतात ना, त्याच, सामान वाहायला. गेटमधून बाई येते, एका हाताला मूल, दुसऱ्या हातात बॅग, पाठीवर बॅग. आपण ट्रॉली पुढे करायची, हसायचं, बॅगेला हात लावायच्या आधी विचारायचं. हे विचारणं महत्त्वाचं, कारण त्या बॅगेत तिचं सगळं घर आहे आणि समोरचा अनोळखी माणूस ती उचलतोय. पुरुष जवळजवळ नाहीतच, १८ ते ६० वयाच्या पुरुषांना तेव्हा देश सोडायची बंदी होती. त्यामुळे बायका, मुलं, म्हाताऱ्या.

आणि इथे मला परळ आठवलं ते एका बारीकशा गोष्टीवरून. एक तंबूवाला उत्साही ग्रुप गेटच्या तोंडाशीच गरम सूपचे वाडगे पुढे करत होता आणि बायका नको नको म्हणत पुढे जात होत्या. तो ग्रुप हिरमुसला, म्हणे यांना भूक नाही वाटतं. अरे बाबांनो, तिच्याकडे हात कुठाय? दोन्ही हातांत माणसं आणि सामान. लॉकडाऊनमध्ये आम्हीही पहिले दोन दिवस खिचडी वाटली होती, आणि हायवेवर चालणाऱ्या एका मुलाने मला सांगितलं, दीदी, बसून खायला थांबलो तर बाकीचे पुढे निघून जातील, रोटीत गुंडाळून द्या. चालत्या माणसाला खिशात मावेल ते द्यायचं, बसलेल्याला पातळ. गेटपाशी केळं, सँडविच, मुलाच्या हातात चॉकलेट. सूप बसच्या रांगेत, जिथे बॅग खाली ठेवलेली असते. मी मोडक्यातोडक्या इंग्लिशमध्ये सांगून बघितलं, त्यांनी टेबल शंभर पावलं मागे नेलं आणि तासाभरात टोप रिकामा.

एका आजीबाईंनी मात्र कशालाच हात लावला नाही. त्यांना फक्त थर्मास गरम पाण्याने भरून पाहिजे होता. चहा त्यांचा स्वतःचा, पुरचुंडीत बांधलेला.

बुधवार, २० एप्रिल

आज संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित संस्थेने आकडा दिला, युक्रेनबाहेर गेलेले ५० लाखांच्या वर. त्यातले निम्म्याहून जास्त एकट्या पोलंडमध्ये आलेले.

किचनला आज माणसं जास्त होती म्हणून मला जुन्या टेस्कोत पाठवलं. बंद पडलेलं सुपरमार्केट, त्याचं सेंटर केलंय. आत गाळ्यागाळ्यांवर देशांची नावं आणि झेंडे, जर्मनी, फ्रान्स, कुठे जायचंय त्याप्रमाणे खाटा. गाडी घेऊन आलेल्या ड्रायव्हरचं आधी रजिस्ट्रेशन, लायसन्सची नोंद, मनगटावर पट्टी, त्याशिवाय कोणाला गाडीत बसवता येत नाही. सुरुवातीला कोणीही यायचा आणि चला जर्मनीला म्हणायचा, एकट्या तरुण मुली अशा गाड्यांत बसायच्या. मग पट्ट्या सुरू झाल्या. कंटाळवाणं वाटतं, टेबलाशी बसलेल्या मुलीवर ड्रायव्हर चिडतात, पण त्या हॉलमधलं सगळ्यात गरजेचं काम ती करत होती असं माझं मत.

माझ्या वाट्याला कपडे. आख्ख्या युरोपातून आलेल्या काळ्या पिशव्या, छतापर्यंत. उघडायच्या, तीन ढीग करायचे. आम्ही सहा जणी दिवसभर. पिशवीतून काय निघालं सांगू? संध्याकाळचा चमकीचा गाऊन. स्कीइंगचा एकच बूट. हाय हील्स. कुठल्यातरी कंपनीचे छापील टी-शर्ट, साठेक, सगळे एकाच साइझचे. न धुतलेले कपडे तर किती. आणि गरज कशाची, तर नव्या अंडरवेअर, सॅनिटरी पॅड, लहान मुलांचे बूट आणि चाकांच्या बॅगा, कारण लोकांच्या बॅगांची चाकं चालून चालून तुटलेली. त्यातलं एकही ढिगात नाही. शेवटी वापरण्याजोगे कपडे वेगळे काढून उरलेल्या पिशव्या ट्रकमध्ये भरल्या आणि तो ट्रक कुठे जाणार हे विचारायची मला इच्छा झाली नाही. आमच्या बिल्डिंगच्या ग्रुपवर फोटो टाकला. खाली कोणी काही लिहिलं नाही.

गुरुवार, शुक्रवार

बटाटे. सोलले, चिरले, परत सोलले. बोर्श म्हणजे तिकडचं बिटाचं सूप, त्यासाठी बीट. हात गुलाबी.

चवीचं मात्र लिहायला पाहिजे. पहिल्यांदा तो रस्सा चाखला तेव्हा मला वाटलं मीठ विसरले. मिरी नाही, लसूण नावाला. मी तिथल्या शेफला विचारलं की थोडं तिखटजाळ नको का, थंडी आहे. तो म्हणाला, आमच्याकडे युक्रेनी बायका येऊन चव बघून जातात, शेपू आणि वर आंबट क्रीम, एवढंच त्यांना पाहिजे. मग मी गप्प. आमच्या परळच्या पाकिटांत बिहारी पोरांनी गोड आमटी बाजूला ठेवलेली मी बघितली होती, उपाशी असून. गोडा मसाल्याची पुडी बॅगेतच राहिली, ती आजीला दिली, तिने ती चहात टाकून बघितली म्हणे.

शनिवार, २३ एप्रिल

रात्रीची शिफ्ट, स्टेशनवर. पिवळी जुनी देखणी इमारत, १८६० ची. फलाटाच्या बोगद्यातून लोक बाहेर येतात आणि पहिलं टेबल आमचं. चहा, सूप, सँडविच, सफरचंद.

त्या दिवशी ओडेसावर क्षेपणास्त्रं पडली होती. आठ जण गेले, त्यात तीन महिन्यांचं बाळ. ओडेसाहून येणाऱ्या लोकांच्या हातात फोन, सगळ्यांचे स्क्रीन एकाच बातमीवर. एक बाई माझ्या टेबलाशी आली, काही घेईना, नुसती बोलत राहिली, मला ओ की ठो कळेना. आजूबाजूला युक्रेनी भाषा येणारं कोणी नव्हतं, पोलिश स्वयंसेवक पोरगा दुसऱ्या फलाटावर गेलेला. ट्रान्सलेटरवर ती रडत बोलत असल्यामुळे भलतंच काहीतरी उमटत होतं.

मी भाच्याला फोन लावला. तिकडे पहाटेचे साडेचार. उचलला. म्हटलं झोपेतून उठ आणि या बाईशी बोल. तीन वर्षं पेशंटशी बोलायला म्हणून जी युक्रेनी शिकला ती कामी आली. फोन स्पीकरवर, कल्याणच्या बेडरूममधून तो हळू आवाजात बोलतोय, मागे ताई विचारतेय कोण आहे रे एवढ्या पहाटे. त्याने मला सांगितलं, मावशी, तिची सासू इन्सुलिनवर आहे, ती वर बाकावर बसलीये, औषध संपलंय, आणि ही घाबरलीये की स्टेशनवर सांगितलं तर पुढच्या गाडीत चढू देणार नाहीत. मग मेडिकल टेबल, डॉक्टर, सगळं पंधरा मिनिटांत झालं. डॉक्टरनेही माझाच फोन घेतला आणि डोस भाच्यामार्फत विचारून खात्री करून घेतला. सासूबाईंनी मग सूप घेतलं. दोन कप.

फोन ठेवताना तो म्हणाला, मावशी, आणखी कोणी असेल तर उठव. सकाळपर्यंत त्याला अजून दोनदा उठवला.

रविवार, २४ एप्रिल

आता यांचा ईस्टर, ऑर्थोडॉक्स. स्टेशनवर टोपल्या, आत रंगवलेली अंडी आणि पास्का नावाचा उंच गोड पाव. आणि कीवच्या गाडीसाठी परत जाणाऱ्यांची रांग येणाऱ्यांपेक्षा लांब. एका बाईच्या पिशवीतून बटाट्याचे कोंब डोकावत होते. मी खुणेने विचारलं, तिने फोनवर लिहून दाखवलं, की लागवडीचे दिवस आहेत, नवरा तिकडे एकटा, आणि आता नाही लावले तर हिवाळ्यात खाणार काय. गाव कीवच्या उत्तरेला, रशियन फौज मार्चअखेरीस तिथून माघारी गेलेली. शेतात सुरुंग असतील ही भीती तिने स्वतःच लिहिली आणि स्वतःच खांदे उडवले. तिला वाटेत खायला सँडविच दिली, जरा जास्तच.

इथे मला बातम्यांवाल्यांचा राग येतो. सगळे कॅमेरे येणाऱ्यांकडे. परत जाणाऱ्यांची रांग कोणी दाखवत नव्हतं.

सोमवार, २५ एप्रिल

आजीने प्रवासाला उकडलेली अंडी दिली. मुलीने एक चित्र, त्यात मी डोक्यावर हेअरनेट घालून. वॉर्साची ट्रेन, रात्रीचं विमान, दोहाला सहा तास बसून काढले.

परत येऊन आता, मे २०२२ मध्ये, महिना होत आला. आमच्या ग्रुपमधल्या दोन-तीन जणी विचारतायत की आम्हाला जायचंय, कसं जायचं. मी त्यांना सरळ सांगते, दोन जोड बूट न्या, कपडे गोळा करून नेऊ नका, संस्थेत आधी नाव नोंदवल्याशिवाय तिकीट काढू नका, आणि बटाटे सोलायची तयारी नसेल तर पैसे पाठवा. पण खरं माझ्या डोक्यात वेगळंच आहे. तिकडे हातांना तोटा नाही, टेक्ससपासून सगळे येतात. तोटा आहे भाषेचा. आणि युक्रेनी भाषा येणारी, तिकडून परत आलेली हजारो मेडिकलची पोरं आत्ता आपल्याकडे घरी बसलीत, ऑनलाइन लेक्चर ऐकत, डिग्रीचं काय होणार म्हणून नखं खात. त्यातल्या पन्नास जणांची तिकिटं काढून स्टेशनच्या मेडिकल टेबलाशी बसवली तर माझ्यासारख्या पाचशे बायकांचं काम होईल.

हे मी भाच्याला बोलले. तो म्हणाला परीक्षा झाली की जातो, त्याने पासपोर्टही शोधून ठेवलाय. ताई तेव्हापासून माझा फोन उचलत नाहीये.